नर का मादी

मराठीत प्रत्येक पाखराला आपण आधीच लिंग देऊन ठेवलंय. कावळा तो, घार ती. बगळा तो, साळुंकी ती. पोपट तो, टिटवी ती. कावळ्यांत माद्या असतात आणि टिटव्यांत नर असतात, हे कुणाला सांगायला नको. पण आपण बोलतो तसं, आणि बोलता बोलता मानतोही तसंच. आमच्या तलवाड्यात रात्री टिटवी ओरडत गेली की म्हातारी माणसं म्हणायची, "अवदसा वरडायली, कायतरी वंगाळ व्हनार." ओरडणारा नरही असू शकतो, हे कुणाच्या मनात आलं नाही. अशुभ बोलली म्हणजे ती बाई, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

सुगरणीचं उलटं झालंय. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला खोपे लोंबतात. इतकं नेटकं घर विणणारी बाईच असणार, म्हणून नाव पडलं सुगरण. बहिणाबाईंनी त्या खोप्याचं केलेलं कौतुक अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला या पाखरांवर बारकाईनं नजर ठेवली आणि लिहून ठेवलं की खोपा नर विणतो. अर्धामुर्धा झाला की माद्या बघायला येतात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात राहते. मग नर तो खोपा पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो. कोकिळेचंही तसंच. चैत्रात आंब्यावर बसून जीव तोडून गातो तो काळाभोर कोकीळ, म्हणजे नर. ठिपक्याठिपक्यांची कोकिळा नुसतं किक् किक् करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. पण गोड गळा बाईचाच असायला पाहिजे, म्हणून गाण्यांतून, गोष्टींतून गाते ती कोकिळा.

जात्यावरच्या ओव्यांत तर राघू म्हणजे लेक आणि मैना म्हणजे लेकीचं लाडाचं नाव. राघू आणि मैना या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांचा संसार कधी होत नाही. म्हणजे पाखराकडं नीट बघायच्या आधीच आपण नर का मादी हे ठरवून टाकलेलं असतं, आणि ठरवताना बघितलेलं असतं आपल्याच घराकडं.

मी गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची. त्वरितादेवीचं गाव म्हणून लोकांना माहीत असतं. घरात आम्ही तिघी बहिणी आणि पाठीवर एक भाऊ. मी तिसरी. माझ्या जन्माच्या वेळी सोनोग्राफीचं मशीन आमच्या भागात पोचलं नव्हतं. आई तीनदा बाळंत झाली आणि तीनदा दाराबाहेर तोंडं पडली. आजी म्हणायची, "देवीच्याच मनात हाय, आपुन काय करनार." देवीच्या नावावर ढकललं म्हणून मी वाचले, असं आता वाटतं. पुढं मशीन आलं आणि देवीवर ढकलायची गरज उरली नाही.

त्याच घरात गाय व्याली की आजी अंधारात कंदील घेऊन गोठ्यात जायची आणि शेपटी उचलून बघायची. कालवड असली तर गूळ वाटायची. म्हशीला वगार झाली तर दिवसभर बोलणं गोड. रेडा झाला तर म्हणायची, "आता ह्याला दूध पाजून काय करू?" तो रेडा महिन्याभरात हाडाडा व्हायचा. अंड्यांच्या कोंबड्यांच्या धंद्यातही तेच. पिल्लू एक दिवसाचं असताना नर का मादी बघतात आणि नर बाजूला काढतात, कारण तो अंडी देत नाही. म्हणजे जनावरात मादी पाहिजे आणि माणसात नर. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. मोठेपणी कळलं की कोडं काही नाही, हिशोब एकच आहे. कुणापासून किती फायदा, तेवढाच त्याला दुधाचा वाटा.

२०१२ साली परळीचं प्रकरण झालं. बेकायदा गर्भपातात एक बाई मेली आणि बीड जिल्हा देशभर बदनाम झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेचे आकडे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते. बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागं २००१ साली ८९४ मुली होत्या, २०११ साली ८०७ उरल्या. राज्यात सगळ्यात खाली आमचा जिल्हा. केंद्रांवर धाडी पडत होत्या, मशीनला सील लागत होतं. आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्या गावात एक मुलगी आली, विद्यापीठात शिकणारी, पाखरांचा अभ्यास करायला. मी शाळेत शिक्षिका, म्हणून तिची राहायची सोय माझ्याकडं झाली.

स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी तिला विचारलं, "म्याडम, कशाचा आब्यास?"

ती सरळ मनाची. म्हणाली, "टिटवीत नर कुठला आणि मादी कुठली हे बाहेरून ओळखू येत नाही ना, ते कसं ओळखायचं त्याचा."

"म्हंजी लिंगनिदान?"

हॉटेल गप झालं. मग कोपऱ्यातला एक पोरगा म्हणाला, "पाखराला कायदा लागू न्हाई का म्याडम?" सगळे हसले. पण ते हसणं लगेच थांबलं, आणि जो तो आपापल्या कपात बघत बसला. त्या हॉटेलातल्या किती जणांच्या घरात काय झालं होतं, ते प्रत्येकाला दुसऱ्याचं माहीत होतं.

तिचं काम मी सुट्टीच्या दिवशी जवळून बघितलं. मोर, कोकीळ, शिंजीर यांचं काही अवघड नाही, रंगावरूनच कळतं. चिमण्याचा गळा काळा, चिमणीचा नाही. पण तिथंही गफलत होते. शिंजीर आणि सुगरणीचे नर विणीचा हंगाम संपला की मादीसारखेच मळकट दिसतात. वयात न आलेला नरही मादीसारखाच. पोपटाच्या गळ्यात कंठ फुटायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर सगळेच बिनकंठाचे. त्यामुळं नुसत्या नजरेनं 'मादी' म्हणून लिहिलेल्यांत कितीतरी कोवळे नर असतात. आणि काही पाखरांत सगळंच उलटं. पाणथळीतल्या रंगीत पाणलाव्यात मादी रंगीत आणि नर फिका, अंडी उबवतो तोच. कमळपक्ष्यांत मादी मोठी, ती अंडी घालून दुसरा नर शोधते, आणि पहिला नर पिल्लं सांभाळत पाण्यावरच्या पानांवरून हिंडतो. हे ऐकून आमच्या मावशी पदरात तोंड घालून हसल्या होत्या.

टिटवी मात्र बाहेरून दोन्ही सारखी. अंडी दोघंही आळीपाळीनं उबवतात. नराचा पंख किंचित लांब असतो आणि पंखाच्या सांध्यावरचा काटा मोठा असतो, पण हा फरक पाखरू हातात घेऊन मापल्याशिवाय कळत नाही. खात्री करायची तर रक्ताचा एक थेंब नाहीतर पिसाचं मूळ प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथं मादीच्या नमुन्यात दोन रेघा उमटतात, नराच्या एकच. कारण पाखरांत मादीजवळ दोन वेगवेगळी गुणसूत्रं असतात आणि नराजवळ दोन्ही एकसारखी. पिल्लू नर होणार का मादी, हे पाखरांत आईच्या अंड्यात ठरतं. माणसात ते बापाकडून ठरतं. हे ती सहज बोलून गेली, पण मी तिथंच थांबले. आमच्याकडं "हिला पोरीच व्हतात" म्हणून किती बायकांना माहेरी पाठवलं, किती जणींवर सवत आणली. ज्या जिवांत आईमुळं ठरतं त्यांच्यात कुणी आईला बोल लावत नाही. जिथं बापामुळं ठरतं तिथं आईला घराबाहेर काढतात.

एका सकाळी बांधावर गल्लीतल्या मावशी आल्या. मुलीच्या हातात टिटवी होती, ती पंख मापत होती. वनखात्याची परवानगी, जाळं, मापाची पट्टी, वही असा सगळा सरंजाम. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अन् कळल्यावर काय करतीस गं बाई?"

"लिहून ठेवते मावशी. पायात कडं घालते आणि सोडून देते."

"नर निघाला तरी?"

"हो."

"मादी निघाली तरी?"

"हो, तरी."

मावशी म्हणाल्या, "मंग ईच्चार बाई. सोडून देत आसशील तर ईच्चार."

या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ विचार केला, आणि मला वाटतं मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं ते नीट मांडायला पुस्तकं लागतील. एरवी आपण म्हणतो की ज्ञान ते ज्ञान, दोष वापरणाऱ्याचा. सोनोग्राफीचंही तसंच सांगतात. त्याच मशीनवर बाळाच्या काळजाचे ठोके दिसतात, आडवं आलेलं मूल कळतं, बाई वाचते. हे खरंच आहे, मशीनचा राग धरण्यात अर्थ नाही. पण सगळा दोष वापरणाऱ्याचा म्हटलं की विचारणाऱ्याला आपण मोकळं सोडतो. "नुसतं विचारलं तर काय बिघडलं?" असं आमच्याकडचे शिकलेले लोकही म्हणतात. बिघडतं ते इथं, की काही वेळा विचारायच्या आधीच दोन्ही उत्तरांचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पिशवीत पैसे घेऊन, परगावच्या डॉक्टरचा पत्ता घेऊन माणूस विचारायला जातो तेव्हा त्याला जाणून घ्यायचं नसतं. कुणाला ठेवायचं एवढंच त्याला ऐकायचं असतं.

माझ्या चुलतभावाची बायको, आमची वहिनी, दोन मुलींची आई. एकदा कापूस वेचताना तिनं आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "पयल्यांदा लांब नेलं, रातच्याला. त्यानं तोंडानं काय सांगितलं न्हाई. पेढा म्हनला आस्ता तर पोरगा. बर्फी म्हनला." असं दोनदा झालं. कुठं कागद नाही, नाव नाही, तारीख नाही. मग ती म्हणाली, "कुनी ईच्चारलं तर मी दोन लेकरं सांगते. मनात मोजते तवा चार व्हतात." आणि पुढच्या झाडाला गेली.

त्या टिटव्यांच्या पायांत नंबराची कडी होती. कोणत्या दिवशी धरली, कुठं धरली, पंख किती लांब, सगळं वहीत होतं. वहिनीच्या दोन लेकरांचं कुठल्याच वहीत काही नाही. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट विचारली गेली, आणि तिचं उत्तरही लिहून ठेवलं नाही.

मावशींची कसोटी मला आधी पुरेशी वाटली होती. उत्तर काहीही आलं तरी वागणं तेच राहणार असेल, तर खुशाल विचारावं. मग त्या मुलीनं मला माळढोकाचं सांगितलं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तरीही हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. गुजरातेत कच्छच्या माळावर एक वेळ अशी आली की उरल्या त्या सगळ्या माद्याच. नर का मादी हे न बघता नुसते पक्षी मोजले असते तर लोक म्हणाले असते, आहेत की अजून. पण नर नाही म्हणजे फळलेलं अंडं नाही, पिल्लू नाही. तिथं उत्तर कळल्यावर नुसतं सोडून देऊन चालत नाही, काहीतरी करावं लागतं. म्हणजे मावशींच्या कसोटीत थोडी भर घालायला हवी. कळल्यावर जे करायचं ते कुणासाठी करायचं? ज्याच्याबद्दल विचारलं त्याच्यासाठी, का विचारणाऱ्यासाठी? माळढोकाची मादी ओळखली जाते ती तिचा वंश टिकावा म्हणून. आमच्याकडं पोटातली मुलगी ओळखली गेली ती विचारणाऱ्याचा वंश टिकावा म्हणून.

यातून मला आणखी एक गोष्ट उमगली. बीडच्या मुली नाहीशा झाल्या हे कळलं कशावरून? मुली वेगळ्या मोजल्या म्हणून. जनगणनेनं दारोदार जाऊन मुलगा का मुलगी हाच प्रश्न विचारला, आणि त्याच प्रश्नानं चोरी उघडी पाडली. कायद्याचंही तेच. आपल्या राज्यानं १९८८ साली देशात पहिल्यांदा असा कायदा केला, १९९४ साली तो देशभरासाठी झाला. तो कायदा म्हणतो की जन्माआधी सांगू नका. जन्मल्यावर नोंद करा, असं तर सरकारच सांगतं. प्रश्न एकच आहे. जन्माआधी विचारला तेव्हा त्यानं माणूस यादीतून गाळला, जन्मानंतर विचारला तेव्हा गाळलेल्याची जागा दाखवली.

ती जागा मी रोज बघत होते. आमच्याकडं हजेरीपटावर आधी मुलांची नावं, मग मुलींची. पहिलीच्या वर्गाची हजेरी घेताना मुलांची नावं संपून मुलींची सुरू झाली की पान लवकर संपायचं. कुणाच्या मृत्यूची बातमी नाही, कुठं रडणं नाही. नुसत्या कोऱ्या ओळी.

पण न मारताही बाईला गाळता येतं, हेही त्या मुलीकडूनच कळलं. शेकडो वर्षं अभ्यासकांनी मानलं की गातो तो नर. पाखरू गायलं की 'नर' लिहायचं, मादी बघायचीच नाही. २०१४ साली जगभरच्या गाणाऱ्या पाखरांचा एक मोठा आढावा निघाला. ज्या जातींची माहिती मिळाली त्यांतल्या ७१ टक्के जातींत मादीही गाते असं दिसलं. मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या पाखरांतही माद्या ४० टक्क्यांच्या आसपासच भरल्या. कुणी मुद्दाम केलं नसेल. झळझळीत दिसतो तो उचलला, घरट्यात दबून बसलेली राहून गेली. आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर मोजायची पद्धत अशीच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवरा घेतो, सही त्याची. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि हिशोबात अर्धा कोयता असते. मुलगी नको वाटते ती काही सोनोग्राफीच्या टेबलावर एकदम वाटत नाही. तिच्या आईला अर्धं धरायची सवय घरात आधीपासून असते.

त्या मुलीच्या वहीत तीन रकाने होते. नर, मादी, आणि 'ओळख नाही'. तिसरा रकाना मला आधी कमीपणाचा वाटला. वैशाखात एका दुपारी जाळ्यात आलेली टिटवी चोच वासून धापा टाकायला लागली. भेगाळलेल्या रानात तिची चार अंडी उन्हात उघडी पडली होती आणि जोडीदार वर घिरट्या घालून ओरडत होता. मुलीनं माप घेतलं नाही. लगेच सोडून दिली आणि तिसऱ्या रकान्यात रेघ ओढली. मी म्हणाले, "इतक्या लांब येऊन?" ती म्हणाली, "ताई, मला कळायची घाई आहे, तिला नाही." थोड्या वेळानं टिटवी ओल्या पोटानं परत आली. पाटाच्या पाण्यात पोट भिजवून आली होती, अंडी थंड करायला. ती नर होती का मादी, मला अजून माहीत नाही. ते अंड्यांवर बसलेलं मात्र बघितलं.

आता माझ्या वर्गातली पोरंही पाखरांची वही ठेवतात. त्यात तिन्ही रकाने आहेत, आणि तिसऱ्यात लिहायला कुणी लाजत नाही. मागं एका पोरानं बांधावर टिटवीची अंडी बघून विचारलं, "बाई, ह्येच्यात नर हाय का मादी?" मी सांगितलं, "ह्यात पाखरू हाय." मराठीत एवढं एक बरं आहे. पाखरू ते, आणि लेकरूही ते. जन्मून, वाढून, आपल्या पायांवर चालत येऊन ते स्वतः सांगेपर्यंत आपल्याला तेवढा शब्द पुरतो. वहिनीही मोजताना तोच शब्द वापरते. चार लेकरं.